उपकारस्तुतीचा निरोप

हॅलो?... हॅलो, कोण?... मावशी, तू होय! थांब, स्पीकरवर टाकते, हात क्रीमने बरबटलेत... हं, बोल.

कुठला निरोप?... नाही गं, मला नाही आला... अच्छा, तो! आमच्या धाकट्या जावेच्या केकच्या दुकानाचा? हो, हो, आला होता. विसरलेच बघ. केकच्या ऑर्डरी इतक्या आहेत की... कधी म्हणजे? रविवारी सांगितलं चर्चच्या सिस्टरने... हो, आज शुक्रवार. मला कळतात वार.

अगं, ओरडतेस काय? ऐक ना... मावशी, ऐक तर! माणूस विसरत नाही का? फोन बिघडला होता माझा... काल? काल आपण बोललो होतो होय... बरं, नव्हता बिघडला.

म्हणजे सहाला प्रार्थना, आणि कोणी मदतीलाही आलेलं नाही, कोणाचा फोनही नाही?... आणि तू कशी पोचलीस तिकडे?... शेजारच्या दुकानात दोरा आणायला. बरं. तू बाहेर उभी राहून बोलतेस ना? तिला ऐकू नाही ना जात?... खुर्च्याही मांडल्यात? भाड्याच्या? कशाला एवढा थाट!... माहीत आहे मला, आपल्या चर्चच्या मंडळीत उपकारस्तुतीला, देवाचे आभार मानायला, कोणी स्वतःहून बोलवत नाही. पाळकबाई सिस्टरला कळवतात, सिस्टर मला, मी तुला, आणि तू पुढच्या सगळ्यांना. मला काय शिकवतेस? ही साखळी सुरू झाली त्या दिवसापासून आहे मी तिच्यात.

तुटली तर तुटली!... हो, मुद्दाम! झालं समाधान? फोन हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे. जीभच रेटेना माझी.

काय चुकलं गं माझं? लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला धड अंडं फोडता येत नव्हतं. क्रीमची पिशवी कशी धरायची, कुठे दाबायची, ते हातात हात धरून मी शिकवलं. आता ती काचेच्या कपाटामागे उभी राहणार, आणि मी इथे स्वयंपाकघरात ओव्हनच्या दाराला स्टूल टेकवून बसणार... बिजागरी तुटलीय, लागतच नाही दार... हसू नकोस.

नाही, तिने माझं काही नाही घेतलं. मी कुठे म्हणते घेतलं म्हणून?... गिऱ्हाइकंही नाही पळवली. तेच तर! काही चोरलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

काय म्हणालीस? हेवा?... मला म्हणतेस? मला? गेल्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? तिची मुलं कोणाकडे जेवली? साखळीचा निरोप फोनवर सांगून भागलं नाही माझं, भर उन्हात दारोदार फिरले मी, की बायांनो, प्रार्थना करा, आमची धाकटी आजारी आहे. प्रार्थना करून करून गुडघ्यांवर घट्टे पडले होते माझ्या. आणि मी हेवेखोर?

हे बघ, पाळकसाहेबांचं हेव्यावरचं प्रवचन मला ऐकवू नकोस. पहिल्याच बाकावर होते मी... डोलवत होते मान, मग? मला वाटलं ते सिस्टरला उद्देशून चाललंय.

मावशी, तू ना, आता पुरे. माझं क्रीम वितळतंय. संध्याकाळी न्यायला येतील माणसं, मी ठेवते... काय?

रडतेय? कुठे, दुकानातच?... काय म्हणाली?... मंडळीला आपलं बरं झालेलं बघवत नाही, असं वाटतंय तिला?... अगं बाई. आणि एकटीच बसलीय? थांब, थांब, मी निघालेच. तिला म्हणावं ताई येतेय, रडू नकोस. ही दुसरी चप्पल कुठे गेली मेली... हं?

काय म्हणालीस?

... पुन्हा बोल.

... हो. घातली चप्पल. ती रडतेय म्हटल्याबरोबर घातली.

... थांब, ओव्हन बंद करते.

मावशी, ती आजारी होती ना, तेव्हा फार आवडायची गं मला. लाज वाटते सांगायला. अंथरुणाला खिळली होती तेव्हा वाटायचं, हीच माझी सख्खी बहीण. आणि दुकानाचं कळलं तशी ती परकी वाटायला लागली. मला रडायला बोलवा, मी सगळ्यांच्या आधी हजर. हसायला बोलावलं की पाय उचलत नाही माझा... हो. हेवाच. म्हण, काय म्हणायचं ते म्हण. शीऽ! किती राग येतोय मला... तिचा नाही गं. आता माझाच.

इथेच करू प्रार्थना? अशी, क्रीमच्या हातांनी?... बरं. प्रभू... प्रभू येशू... नाही जमत, मावशी. अजून जळतंय आत... जळतंय तसंच सांगू त्याला? बरं. प्रभू, धाकटीचं दुकान चालू दे... थांब, तोंडदेखलं झालं ते. नीट म्हणते. प्रभू, तिचं माझ्यापेक्षा जास्त चालू दे. घे! म्हटलं एकदाचं! आमेन.

हसतेस काय म्हातारे?

येते तर आहेच. पण तिचे डोळे पुसायला नाही. तिला सांगणार आहे, मंडळीचा काही दोष नाही, निरोप मी अडवून ठेवला होता. मग शिव्या दे म्हणावं, नाहीतर दारातून परत पाठव... भीती वाटतेय मला, हसू नकोस म्हटलं ना!

अगं, ठेवू नकोस, ठेवू नकोस! एक राहिलंय... तुला माहीत आहे, ते मलाही माहीत आहे. पण माझ्या तोंडून जायला हवं ते. गुपचूप ऐक.

मावशी, साखळीचा निरोप आहे. उपकारस्तुतीचा. आमच्या धाकटीने केकचं दुकान काढलंय. आज सहा वाजता तिथे प्रार्थना आहे. देवाने... देवाने तिचं फार चांगलं केलंय... हो. म्हटलं ना, चांगलं केलंय! आता पुढे कळव सगळ्यांना. आणि पटापट कळव, खुर्च्या रिकाम्या आहेत तिच्या. ठेव.