जगदेवरावांचं ब्रेट्झेल

...आणि वर साहेब म्हणतात, ‘मीठ जाडं हवं बरं का, बारीक चालायचं नाही.’ अहो, इथं पीठ फुगायचं नाव घेत नव्हतं आणि यांना मिठाची पडलेली! तुम्हाला सांगतो, मी भालचंद्र, सचिवालयात हिशेब तपासणारा माणूस, जन्मात कधी चहासुद्धा केला नाही, आणि भर रविवारी सकाळी परातीत कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. कशासाठी? तर जर्मन लोकांच्या खाऱ्या पावासाठी. पण म्हटलं, मळ बाबा, भोपाळपेक्षा बरं.

आता भोपाळ कुठून आलं? अहो, आधी ग्वाल्हेरची रियासत होती, ती गेली, मध्यभारत आला. मग उन्हाळ्यात कचेरी इंदूरला, थंडीत ग्वाल्हेरला, नुसत्या ट्रंका वाहायच्या. तेही चालवून घेतलं. तर आता म्हणे मध्यभारतही नाही, मध्यप्रदेश, आणि राजधानी भोपाळ. आमच्यातलं कोण जाणार आणि कोण राहणार, ते सगळं आमचे वरिष्ठ, जगदेवरावसाहेब, यांच्या हातात. इकडे आईनं सांगून टाकलं, ‘तुम्ही खुशाल जा, मी ग्वाल्हेरातलं हे आपलं लष्कर गाव सोडून कुठं यायची नाही.’ म्हातारीला एकटी टाकून जायचं?

त्यात साहेबांना लढाईच्या आधी दरबारनं कसल्याशा ट्रेनिंगला जर्मनीला धाडलेलं. तेव्हापासून सुस्कारे. ‘क्या बताऊं भालचंद्रराव, पीठ आंबवायचं, लांब दोरी वळायची, तिची गाठ मारायची, सोड्याच्या उकळत्या पाण्यातून काढायची आणि भाजायची. ब्रेट्झेल! असली चीज ह्या मुलखात होणे नाही.’ आणि माझी जीभ... ती परस्पर म्हणते, ‘साहेब, आमच्या घरी करू की.’ झालं. ‘तर मग रविवारी येतो.’

घरी सांगितलं तर आई कडाडली, ‘पाव? माझ्या स्वयंपाकघरात पाव?’ शेवटी आमच्या मंडळींनी, म्हणजे शरयूनं, तोड काढली. आमच्या खासगी बाजार पेठेतल्या हलवायाकडून जिलबीचं खमीर आणवलं आणि म्हणाली, ‘सासूबाई, पाव कुठला, हे जिलबीच्याच जातीचं आहे.’ आईनं परात काढून दिली. सोडा संपला होता, तर पाण्यात पापडखार घातला, घरभर पापडाच्या पिठाचा वास. भट्टी नाही, म्हणून नानकटाईसारखं, पातेल्यात वाळू, झाकणावर निखारे. धुरानं डोळे चुरचुरतायत, गाठ बसता बसत नाही, एक तर थेट चपलेच्या अंगठ्यासारखं झालं... पण म्हटलं, भोपाळपेक्षा बरं. आणि रंग काय आला सांगू, असा खरपूस तांबूस! वर जाडं मीठ पेरलं, ताट झाकलं आणि अंघोळीला गेलो.

तेवढंच चुकलं.

परत येतो तो आई पदराला हात पुसत उभी. ‘काय रे, कोरड्याच ठेवल्यास? पाहुण्यापुढं बिनपाकाची जिलबी ठेवतात का कुणी? मी एकतारी पाक करून त्यात सोडल्या सगळ्या.’ सगळ्या हो! परातीत नुसतं तरंगतंय जर्मनी. आणि दारात आवाज, ‘आहेत का भालचंद्रराव?’

काय करणार, ठेवलं पुढ्यात. साहेबांनी एक उचललं, पाक मनगटावरून बाहीत. चावलं. डोळे मिटले. इकडे मी मनातल्या मनात भोपाळला पोचून बिऱ्हाडसुद्धा शोधायला लागलो होतो. मग हळूच म्हणतात, ‘वही. बिलकुल वही.’ डोळ्यांत पाणी त्यांच्या! आता साहेब त्या वेळी जर्मनीला गेले होते की हलवायाकडे, हे विचारायची माझी छाती नाही. मी म्हटलं, ‘अजून एक घ्या.’

सोमवारी खोलीत बोलावलं. ‘भालचंद्रराव, तुम्ही ग्वाल्हेरातच राहायचं.’ तुम्हाला सांगतो, बाहेर येऊन जिन्यावरच बसलो. इतकं हलकं मला लग्न ठरलं तेव्हाही वाटलं नव्हतं. घरी आईला सांगितलं तर ती म्हणते, ‘बरं झालं, पाक मी वेळेवर केला.’

फक्त एक झालं. साहेबांनी स्वतःचंही भोपाळ रद्द करून घेतलं. आता दर रविवारी येतात. कधी मेहुण्याला आणतात, कधी व्याह्यांना, ‘या, अस्सल जर्मन खिलवतो तुम्हाला.’ आणि मी पहाटेपासून परातीत.

परवा आमच्या कचेरीतले विश्वासराव भोपाळहून रजेवर आले होते. म्हणाले, पाण्याचे हाल, खोली गळते, ओळखीचं कुत्रं नाही. मी म्हटलं, ‘आणि रविवारी काय करता?’ म्हणाले, ‘रविवारी काय करायचंय? जेवतो आणि ताणून देतो.’

चला, उठतो. उद्या रविवार, हलवाई जिलब्या घालायला बसायच्या आत खमीर आणायला हवं.