उतारावरची जीप

धानोऱ्याच्या उतारावर लहानूची जुनी जीप सवाऱ्यांची वाट पाहत घुरघुरत उभी होती. चढ चढून दमलेल्या गिरजाबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये हे त्यांना मान्य होतं. पण मग पुढे बसलेल्या लहानूनं आणि त्याच्या बायकोनंही हळू बोलावं.

"नव्या बॅटरीनं काई फायदा नाई झाला वं, रोशनी. डिझेल तेवढंच पिऊन राह्यली. उद्या भंगारवाल्याले देऊन टाकतो."

"द्या. मंग सवाऱ्या काय पाठीवर न्याल?"

"इंजिनच म्हातारं झालं, मी काय करू?"

"अजी, सकाळपासून एकदा तरी बंद केलं काय ते? जीप नुसती उभी, अन् इंजिन सुरूच!"

"बंद केलो अन् पुन्हा सुरू नाई झाली तं? म्हणून तं उतारावर लावतो. ढकलली का सुरू होते."

"ते जुन्या बॅटरीचं झालं. नवी काय पूजेले आणली?"

"सवय हाये वं."

"बंद करा. माह्यासमोर."

इंजिन थांबलं. मोहाच्या झाडावरचा होला एकदम ऐकू आला.

"आता सुरू करा."

जीप एका दमात सुरू झाली. लहानू हसला आणि त्यानं आपल्याच हातानं ती पुन्हा बंद केली.

"सवाऱ्या भरेपर्यंत राहू दे अशीच. भंगारवाल्याले सांगतो, येऊ नको म्हणून."

"अन् माहंबी ऐक रे पोरा," गिरजाबाई मागून कडाडल्या, "उद्यापासून जीप खाली स्टँडवर लाव. तुही बॅटरी नवी झाली, माहे गुडघे जुनेच हायेत!"