वाणात आलेला डबा

मंडळी, ऐका! आज प्रश्न एकच — घरातल्या माणसाचं दुखणं बाहेर सांगायचा हक्क कुणाचा? बसून सांगते हं. गुडघे आता उभ्या कीर्तनाला तयार नाहीत.

माझ्या लहानपणी संक्रांतीच्या वाणात फणी मिळायची, आरसा मिळायचा. आरसा घरातलं सगळं बघायचा — पण बाहेर जाऊन बोलायचा नाही हो!

अनसूयाबाई नावाच्या एक आजी. त्यांच्या गावात गेल्या संक्रांतीला एका कंपनीने हळदीकुंकू केलं. वाण काय? बोलणारा डबा! दुखण्याखुपण्याचं विचारा, उत्तर देतो. आधी मोबाइलवर संमतीचा अंगठा टेकवायचा. आता वाणाला कुणी नाही म्हणतं का? अनसूयाबाई धरून चाळीस जणींनी अंगठे टेकवले. वाचलं कुणी? हसू नका — तुम्ही तरी वाचता?

अनसूयाबाईंच्या सुनेला, रेवतीला, फिट यायची. गोष्ट घरातच होती. एकदा सासूबाईंनी काळजीपोटी डब्याला विचारलं, "आमच्या रेवतीला फिट येते. काय करू?"

पुढे रेवतीने एका खासगी बालवाडीत शिकवायला अर्ज केला. मुलाखतीआधीच नकार! म्हणे, आरोग्याच्या माहितीवरून संगणकाने नाव वगळलं.

अनसूयाबाईंना डबा आठवला. सुनेला न सांगताच त्या तालुक्याच्या कचेरीत गेल्या. साहेब म्हणाले, "आजी, डब्याच्या कंपनीनेच माहिती पुढे दिली. पण संमती तुम्हीच दिलीत."

"वाण परत करतात का कुठे, साहेब?"

साहेब हसले. मग म्हणाले, "नियम आहे. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. यंत्राने नाकारलं, तर माणसापुढे दाद मागता येते. पण दुखणं सुनेचं — अर्जावर सही तिचीच हवी."

म्हणजे सुनेला सांगणं आलं!

रेवती भाकरी थापत होती. "मी बोलले गं, त्या डब्याशी."

तिचा हात थांबला. "आत्याबाई, शेजारी कळू नये म्हणून तुम्ही दार लावायचात ना?"

"तो काय माणूस आहे, असं वाटलं गं..."

"माणूस असता तर त्याला लाज तरी वाटली असती!"

तव्यावरची भाकरी करपली. तिने हात धुतले, सही केली.

तीन महिने गेले. शेवटी मुलाखत झाली. रेवतीने आपलं दुखणं आपल्या तोंडाने सांगितलं — आणि काम मिळालं! नियम हवेत मंडळी, कडक हवेत. पण रेवती आता औषधाची गोळी सासूसमोर घेत नाही. पाठ फिरवून घेते. त्यावर कुठल्या कचेरीत अर्ज कराल?

आता सांगा, घरातल्या कुणाचं दुखणं तुम्ही त्याला न विचारता बोललात? हात वर करू नका. मला सांगू नका. घरी जा — आणि ज्याचं आहे, त्याला सांगा.