किक परत येते का

(मुलीची खोली. मधोमध जुनी डर्टबाईक, खाली वर्तमानपत्रं पसरलेली. मुलीचे मामा जमिनीवर बसलेत. बाबा पान्यांचा डबा घेऊन उभे.)

बाबा : तिच्या त्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही असं नाही, बारक्या. लिहिलं. पाठवलं नाही, एवढंच.

मामा : वा! म्हणजे स्वयंपाक केला, वाढला नाही, एवढंच. आणि भाऊजी, साठी उलटली माझी. आता तरी बारक्या म्हणू नका. तो पाना द्या. तो नव्हे, शेजारचा.

बाबा : हा?

मामा : हा. काय विचारलं होतं पोरीनं?

बाबा : चारच ओळी होत्या. ‘माझी गाडी आहे का अजून? किक परत येते का? येत असेल तर घ्यायला येते. येऊ का?’

मामा : आणि याचं उत्तर तुम्हाला सुचेना?

बाबा : किक परत येत नव्हती ना. दाबली की खाली लोंबायची ती लोंबायचीच. खोटं कसं लिहू? म्हटलं, आधी दुरुस्त करू, मग लिहू.

मामा : घरात फोन आहे की.

बाबा : फोनवर ‘जेवलीस का’ याच्या पुढे मला जाता येत नाही. ती जेवलेली असते. मग मी फोन तुझ्या ताईकडे द्यायचो. आता कोणाकडे देऊ?

मामा : ...हं. हँडल धरा. डावीकडे आडवी करू या, म्हणजे ऑइल सांडायचं नाही. खाली काहीतरी मऊ घाला.

बाबा : तिची गादी आहे.

मामा : गादीवर मोटरसायकल?

बाबा : कोण झोपतंय तिच्यावर आता.

मामा : सावकाश... सावकाश... बस. भाऊजी, हे कव्हर आधी कोणी उघडलं होतं?

बाबा : का रे?

मामा : बोल्टांची डोकी पार खाल्लीत. आणि हे काय? पॅकिंगच्या जागी पुठ्ठा?

बाबा : साधा नाही तो, बांधणीचा आहे. वाचनालयात होतो तोवर सगळ्या फाटक्या पुस्तकांना मी तोच लावला.

मामा : आणि चिकटवलाय कशानं?

बाबा : सरसानं.

मामा : सरस! अहो, इंजिन आहे हे, कथासंग्रह नाही!

बाबा : माझं एकही पुस्तक कधी सुटलं नाही.

मामा : पुस्तकात ऑइल नसतं. ताई असती ना आत्ता...

बाबा : हसता हसता खाली बसली असती.

मामा : छे! मला धपाटा घातला असता, तुम्हाला हसतो म्हणून. मागे एकदा तुमच्या त्या पत्रावरून हसलो होतो, तेव्हा घातलाच होता.

बाबा : कुठल्या पत्रावरून?

मामा : लग्नाआधीच्या. पेटीत टाकलंत, पोस्टमन येईपर्यंत तिथेच उभे राहिलात आणि हातापाया पडून परत घेतलंत. एक शब्द बदलायचा होता म्हणे.

बाबा : तिनं सांगितलं तुला?

मामा : अख्ख्या घराला सांगितलं. कौतुकानं हो. जरा बॅटरी धरा. माझ्या डोळ्यांत नको, आत. हं... स्प्रिंग तर नवीकोरी आहे.

बाबा : जुनी तुटली होती. नवी मीच आणली, मीच बसवली. पुस्तकात बघून.

मामा : ताण न देता?

बाबा : अर्धा वेढा पिळून मग टोक भोकात अडकवा, असं लिहिलं होतं. पिळायला गेलो तर करकरली. वाटलं, ही पण तुटेल. शेजारी एक खाच होती, तिथे टोक सहज पोचत होतं. तिथे टेकवलं.

मामा : म्हणजे आरामात बसवलीत.

बाबा : हो.

मामा : मग ती कशाला उठतेय? ऐका, पोरीचा परवा फोन आला होता मला.

बाबा : तुला? काय म्हणाली?

मामा : ‘मामा, बाबांनी माझी गाडी विकली का रे?’

बाबा : विकली? मी?

मामा : पत्राला उत्तर नाही म्हटल्यावर तिनं काय समजायचं? तिची एक शर्यत तुम्ही कधी बघितली नाहीत.

बाबा : एक बघितली.

मामा : कधी?

बाबा : कुंपणाबाहेर होतो, झाडामागे. वळणावर ती पडली. उठली, गाडी उचलली, किक मारली, गेलीसुद्धा. मी मात्र मातीतच बसलो. कोणा बाईनं पाणी दिलं.

मामा : हे तिला माहीत आहे?

बाबा : कोणालाच नाही. काय सांगायचं त्यात.

मामा : कमाल करता, भाऊजी. तिला वाटतं तुम्हाला तिच्या गाडीचा राग आहे. आता तिकडे कोणाची तरी जुनी गाडी मिळतेय तिला. म्हणाली, महिनाअखेरीपर्यंत बाबांची वाट बघते, नाहीतर ती घेऊन टाकते.

बाबा : आणि मग ही?

मामा : मग ही कशाला लागेल?

बाबा : म्हणजे तिला इकडे यायचं काही कारणच...

मामा : पक्कड घ्या हातात.

बाबा : मी?

मामा : तुम्हीच. टोक पकडा. आता पिळा. माझ्याकडे बघू नका, स्प्रिंगकडे बघा.

बाबा : करकरतेय, बारक्या.

मामा : करकरू द्या. अजून. अजून थोडं. सोडाल तर माझं बोट जाईल.

बाबा : भोक दिसत नाही मला!

मामा : मला दिसतंय. आता खाली... सोडा. बसली. श्वास घ्या, भाऊजी. कव्हर मी लावतो, पॅकिंग आणलंय. तुमचा पुठ्ठा ठेवा आठवण म्हणून.

बाबा : किक दाबून बघू?

मामा : कव्हर तर लागू द्या! ...हं, आता धरा, उभी करू. दाबा, हातानं.

बाबा : आली. अरे, वर आली!

मामा : येणारच.

बाबा : परत आली. बघ.

मामा : बघितलं. आता पुरे, नाहीतर परत उघडावी लागेल. पेट्रोल घालून चालू करायचं काय ते ती बघेल. जा, पत्र आणा.

बाबा : मसुदे आहेत खणात. हा त्यातला बरा आहे.

मामा : ‘तुझ्या पत्रास उत्तर देण्यास विलंब झाला, त्याबद्दल...’ भाऊजी, वीज कंपनीला लिहिताय का? कोरा कागद घ्या. लिहा, गाडी घरातच आहे.

बाबा : गाडी तुझ्या खोलीत आहे.

मामा : त्याहून छान. किक परत येते.

बाबा : किक परत येते. ये.

मामा : आणि झाडामागचं.

बाबा : ते नको.

मामा : तेच तर लिहायचंय.

बाबा : वाचून तिला काय वाटेल?

मामा : ते तिचं तिला वाटू द्या. मी हात धुऊन येतो, तोवर लिहून झालं पाहिजे. आणि पाकीट लगेच चिकटवा. सरस आहेच घरात.

बाबा : ...झालं. चिकटवलं.

मामा : मग चप्पल घाला. पेटी कोपऱ्यावरच आहे, मला त्याच वाटेनं जायचंय.

बाबा : बारक्या, ‘मातीत बसलो’ असं लिहिलंय. ‘बसकण मारली’ जास्त बरं झालं असतं का रे?

मामा : चला म्हणतो ना.

बाबा : येतोय. तू जरा हळू चाल.

मामा : ही आली पेटी. टाका.

बाबा : पत्ता बरोबर आहे ना, एकदा बघ.

मामा : बरोबर आहे. टाका, भाऊजी.

बाबा : टाकलं.

मामा : ऐकलं मी, पडलं तळाशी. चला, तुम्ही घरी, मी माझ्या वाटेला.

बाबा : पोस्टमन कधी येतो इथे?

मामा : येईलच एवढ्यात. का?

बाबा : तो येऊन जाईपर्यंत उभा राहीन म्हणतो.

मामा : कशाला? परत मागून घ्यायला?

बाबा : मागावंसं वाटेलच. म्हणून तर म्हणतो, बारक्या. तूही थांब.