बेइमान कोपर

...अन् वर समदं गाव मलाच मनायलंय, "मुंजाजी, तू कामून हात केलास?" आरं, मी केला व्हय? कोपरानं केला! तुमाला सांगतो, अंगात एवढं बेइमान हाड दुसरं न्हाई!

आता बघा, आमच्या बोरीला तहसीलदार सायबाचा दौरा आला. दौरा म्हंजी काय, तर सायबाचं सामान वाहायला गावातले बैल धरून न्यायचे. फुकट! अन् कधी? ऐन जवारीच्या पेरणीत! बैल गेले की ओल उडून जाती, मंग वर्षभर खायाचं काय, सायबाचा तंबू? मनून मी बैल दडवले, उजव्या अंगाच्या कडब्याच्या गंजीमागं, अन् दारात उभा ऱ्हायलो. सायब आला. "बैल कहाँ हैं?" मी झोकात सलाम ठोकला, मनलं, "हुजूर, विकले!" ...अन् हात कपाळालाच! कोपर आडलं! हलंना! सायब खुश, "वा, क्या तहजीब है!" त्यानंबी सलाम केला. माझा तसाच. त्यानं पुन्हा केला. माझा आपला तसाच! चपराशाला वाटलं त्यालाच करायलोय, त्यानंबी केला!

बेइमान हाड, दुसरं काय!

मंग सायबासंगचा हकीम पुढं झाला. दाढी कुरवाळत मनतो कसा, "देखो मियाँ, खांदा चौतरफ फिरता. मगर कोहनी? दरवाजे का कब्जा! एकीच तरफ खुलता, एकीच तरफ बंद होता. पीछे हड्डी का अटकाव है, उल्टा नै जाता. घुटना बी ऐसाच!" मनलं, हकीमसाब, बिजागरी मंग शिकवा, आधी दार उघडा! तर त्यानं खांदा दाबला, मनगट धरलं अन् दिला हिसका... खट्टकन्! उघडलं! पण कब्जाच तो, त्याला काय दुसरी वाट असती? तुमीच बघा वाकवून! गेला हात सरळ उजवीकडं, बोट ताठ... गंजीवर! अन् तिथंच पुन्हा आडला! सायबानं बघितलं, तर गंजीमागून शेपटी हलायली. "वा! मालक खुद बता रहा है! कितना ईमानदार आदमी!"

मी ईमानदार! अन् हाड बेइमान!

बैल नेले. पेरणी ऱ्हायली. सांजच्याला सायबाची गाडी माझ्याच दारावरून निघाली, जुंपलेले माझेच बैल... अन् माझा हात गेला की आपसूक कपाळाला! आमची कडूबाई खेकसली, "आवं, आता कोणाला सलाम करायलाव?"

मनलं, बैलांना. सरकारी झाले न्हाईत का ते!