शंकासुराच्या हाताखाली

...आणि वर मलाच म्हणतो, 'तू ये ना रे आमच्याकडे, घाबरतोस कशाला, मी आहे ना तिथे.' अरे बाबा, तू आहेस हीच तर अडचण आहे. तू नसतास तर मी चालत नाही, पळत आलो असतो. पण हे तोंडावर म्हणता येतं का? नाही येत. मग मी काय म्हणालो? 'बघतो, विचार करतो,' म्हणालो आणि हसलो. हसलो म्हणजे काय, दात दाखवले. आता तुम्ही म्हणाल, हा माणूस जळतोय. तुम्हाला सांगतो, जळत नाही मी. नुसतं सांगतोय.

तर आमची कंपनी लिफ्टची. नव्या बसवते, जुन्या बिघडल्या की दुरुस्त करते. मी दुरुस्तीत. म्हणजे मी स्वतः पाना घेऊन जात नाही, मी फोन घेतो आणि कोणता मिस्त्री कुठे पाठवायचा ते ठरवतो. सोपं वाटतं ना? बसा एक दिवस माझ्या खुर्चीत. एका दवाखान्यातली लिफ्ट 'बंद पडली, बंद पडली' म्हणून फोन येतो, तिथे मिस्त्री पाठवायचाच नाही, आधी विचारायचं, दारात स्ट्रेचर कुणी लावून ठेवलंय. एका इमारतीत वरच्या मजल्यावर शिंपी बसतात, त्यांची बटणं पडून पडून दाराच्या खाचेत जातात आणि दार मिटत नाही. तिथे मिस्त्री नको, झाडू पुरतो. हे कुठल्या पुस्तकात नाही, हे इथे आहे, या डोक्यात. आणि या डोक्यातलं सगळं मी त्या शंकासुराच्या डोक्यात ओतलं.

शंकासूर हे नाव मीच ठेवलं. माझ्या शेजारच्या खुर्चीत आला तेव्हा त्याला लिफ्टमधलं एवढंच कळत होतं, की बटण दाबलं की वर जाते. दिवसभर आपलं सुरू, 'सर, आधी फोन घेऊ की आधी लिहून घेऊ? सर, समोरची बाई रडतेय, मी काय म्हणू? सर, तुम्ही जेवताय, एकच विचारतो.' एकच म्हणून सुरू व्हायचा आणि माझं जेवण गार करून थांबायचा. पण मी रागावलो? नाही. मी म्हणालो, हे बघ, लिफ्ट अडकली की आधी आतल्या माणसाशी बोलायचं, मग मशीनशी. घाबरलेला माणूस सगळी बटणं दाबतो आणि काम वाढवतो. तो म्हणाला, 'वा सर, काय बोललात.' मला बरं वाटलं हो. कोणाला नाही वाटणार?

मग हा गेला नवीन उभारणीत. तिथे काय, नव्या इमारती, नव्या लिफ्ट, फीत कापायची, फोटो काढायचे, कोणी रडत नाही, कोणी शिव्या घालत नाही. आणि बघता बघता तिथला प्रमुख झाला. काचेची खोली मिळाली. खोलीला दार. आतून लावता येणारं दार. आणि खुर्ची अशी, की मागे डोकं टेकायला उशी. आम्ही इतकी वर्षं डोकं हातात धरून बसलो, आम्हाला कोणी विचारलं नाही की तुमचं डोकं कुठे टेकवता. आणि माझ्या नावापुढचं ते 'सर', ते कसं गळालं माहितीये? एकदम नाही गळालं. आधी हळू आवाजात आलं, मग फक्त लोकांसमोर आलं, मग एके दिवशी जिन्यात, 'अरे, कसा आहेस?' मी म्हणालो, मजेत. जळत नाही मी. नुसतं सांगतोय.

आता मुद्दा असा, की त्याच्या विभागात त्याच्याखाली उपप्रमुखाची जागा निघाली. बढती. माझ्याकडे दुरुस्तीत बढती मिळायची तर आमच्या साहेबांनी जागा सोडायला हवी, आणि साहेबांची तब्येत अशी ठणठणीत, की त्यांना साधी शिंक येत नाही. म्हणजे बढती हवी तर तिकडे जा. तिकडे जायचं तर शंकासुराच्या हाताखाली. ज्याला मी फोनचा हँडसेट कसा धरायचा ते शिकवलं, त्याच्याकडे जाऊन म्हणायचं, 'साहेब, उद्या अर्धी रजा हवी होती, दाढ दुखतेय.' माझी दाढ दुखेल, पण मी म्हणणार नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. पाठमोरीच म्हणाली, 'मग जा की.' मी म्हणालो, अगं, त्याच्या हाताखाली? ती म्हणाली, 'अहो, मी इतकी वर्षं तुमच्या आईच्या हाताखाली आहे, मला काही झालं का?' मी म्हणालो, ते वेगळं. ती म्हणाली, 'हो, वेगळंच. तुम्हाला पगार वाढवून मिळणार आहे.' मी चिमटे द्यायला उभा राहिलो. चिमटे देता देता तिने खरी गोष्ट काढली, 'तुम्हाला बढती नकोय असं नाही. तुम्हाला ती त्याच्या आधी हवी होती.' मी एक चिमटा जरा जोरात लावला.

तर ठरवलं. जायचं. मान खाली घालून जायचं, दार असलेल्या खोलीच्या शेजारी तरी बसायला मिळेल. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, 'जा, पण आपल्याकडची पद्धत माहिती आहे ना? आधी आपल्या जागेवर माणूस तयार करायचा, मग उठायचं.' आणि त्यांनी माझ्यासमोर एक मुलगी आणून बसवली. तिचं नाव मी ठेवलं लगेचबाई. काही सांगा, 'लगेच करते, सर.' हा फोन घे, लगेच. तो मिस्त्री वळव, लगेच. शंकासूर एका गोष्टीला दहा शंका काढायचा, ही दहा गोष्टींना एक शंका काढायची नाही, आणि जी काढायची ती अशी, की मलाच रात्री झोप लागू नये. म्हणाली, 'सर, त्या शिंप्यांच्या मजल्यावर दाराशी एक पायपुसणं का नाही टाकत? बटणं त्यात अडकतील.' इतक्या वर्षांत मी झाडू सांगत होतो. मला पायपुसणं सुचलं नाही. टाकलं, तर तिथला फोन यायचाच बंद झाला. हिच्याबद्दलही जळत नाही मी. नुसतं सांगतोय.

मला घाई ना सुटायची. म्हणून मी काय केलं, कंपनीचे वरच्या मजल्यावरचे मोठे लोक खाली आले होते, त्यांच्यासमोर तिचं कौतुक सुरू केलं. एवढं केलं, एवढं केलं, की ती लाजून पाणी आणायला गेली. मोठ्यांतला एक म्हणाला, 'म्हणजे तुमच्याशिवाय चालेल म्हणता?' मी म्हणालो, चालेल काय, पळेल. माझ्यापेक्षा काकणभर सरसच आहे पोरगी. सगळे खूश. साहेब खूश. मीही खूश, म्हटलं, आता आपली सुटका नक्की.

आणि मग मी होकार द्यायला शंकासुराच्या मजल्यावर गेलो. काचेच्या खोलीत बैठक चालली होती. त्याने मला बाहेरून पाहिलं, हात केला, 'ये ये, बस.' बसलो, कोपऱ्यात, पाठ नसलेल्या स्टुलावर. हा उभा राहून नव्या पोरांना शिकवत होता. आणि काय शिकवत होता, ऐका. हात मागे बांधून, खिडकीतून लांब बघत, 'एक गोष्ट मी अनुभवातून शिकलोय. लिफ्ट अडकली की आधी आतल्या माणसाशी बोला... मग मशीनशी.' माझं वाक्य. माझं. शब्दाला शब्द. आणि पोरं लिहून घेतायत. एक पोरगा म्हणतो कसा, 'वा सर, काय बोललात.' आणि हा माझ्याकडे बघून, मान हलवून, 'असं असतं ते, काय रे?' काय रे. मलाच विचारतो. मी म्हणालो, मला जरा काम आहे, आणि उठलो. स्टूल पडलं ते उचललंही नाही.

तडक साहेबांकडे. दार न वाजवता आत. म्हणालो, साहेब, मी जात नाही. का म्हणाल तर, या विभागावर माझं प्रेम आहे. इथे माझी उमेदीची वर्षं गेली. रडणाऱ्या माणसांचे फोन घ्यायला कोणीतरी हवं की नको? बढतीसाठी मी माणुसकी विकणार नाही. तुम्हाला सांगतो, बोलता बोलता माझेच डोळे भरून आले, इतकं चांगलं बोललो. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, 'मला हे तुम्ही मागच्या आठवड्यात का नाही सांगितलंत?' मी म्हणालो, का? तर म्हणाले, 'मला वरच्या मजल्यावर बोलावलंय. माझी जागा रिकामी होतेय.'

साहेबांची जागा! शंकासुराच्या बरोबरीची. तो प्रमुख, मी प्रमुख. जिन्यात भेटला तर मी म्हणणार, 'अरे, कसा आहेस?' मी खुर्चीच्या कडेवर बसलो आणि म्हणालो, साहेब, जबाबदारी मोठी आहे, पण नाही म्हणणार नाही. साहेब म्हणाले, 'तसं नाही. तुम्ही जाणार म्हणून आम्ही तिचं नाव पुढे केलं. लगेच मंजूर झालं. मोठे म्हणाले, विचारायचंय काय त्यात, ते स्वतःच म्हणालेत, माझ्यापेक्षा काकणभर सरस.' मी म्हणालो, अहो, तसं कौतुकात म्हणतो माणूस. ते म्हणाले, 'तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात.' ठेवला होता. छातीवरच ठेवला होता.

मग तिकडची जागा? ती तरी, म्हटलं, मान खाली घालून घेऊ. शंकासुराला फोन केला. म्हणाला, 'अरे, तू उठून गेलास, मला वाटलं नको असेल. भरली ती.' आणि वर, 'मन लावून काम कर, तुझी वेळ येईल.' हे वाक्यही माझंच. त्याला पहिल्या आठवड्यात म्हटलं होतं.

घरी सांगितलं. बायकोने माझ्या पानात तिच्या पानातलं थोडं वाढलं. ती जेव्हा असं वाढते ना, तेव्हा समजायचं की आपलं खरंच वाईट झालंय.

आता लगेचबाई आमच्या प्रमुख. मुलगी चांगली आहे, अजून सर म्हणते, अजून जोरात म्हणते. परवा बोलावलं, म्हणाली, 'सर, माझ्या जागेवर नवीन माणूस घेतलाय. तुमच्याइतकं कोणी शिकवत नाही. तयार कराल ना त्याला?' मी म्हणालो, करतो. दुसरं काय करणार? बाहेर आलो तर तो माझ्या शेजारच्या खुर्चीशी उभा. नवा शर्ट, भांबावलेला, वही उघडी. म्हणाला, 'सर, एकच विचारू?' मी उठलो, त्याच्यासाठी खुर्ची मागे ओढली आणि म्हणालो, 'विचारा ना, साहेब. बसून विचारा.' तो बिचारा मागे वळून बघायला लागला, साहेब कोण आले म्हणून. मी म्हटलं, तुम्हीच. आत्तापासून म्हणतो, म्हणजे मला नंतर जड जाणार नाही.