फ्लॉईडचा निरोप

(गिरीज, वसई. नोव्हेंबर २००३. शनिवारी सकाळी साडेसहा. क्लाराचं स्वयंपाकघर.)

क्लारा : झाकण उघडू नकोस गं, बाय! आत्ता कुठे केक फुगायला लागलाय. काचेतून बघ.

ज्ञानदा : बघतेच आहे फक्त.

क्लारा : मग हात का गेला? थंड हवा लागली की मधोमध बसतो तो. दोन वर्षं शिकवतेय तुला. आणि आधी सांग, तीन दिवस होतीस कुठे? बुधवारी मी बूट घालून साडेपाचपासून फाटकाशी उभी. गुरुवारी तशीच. काल म्हटलं, जाऊ दे, एकटी धावते. चर्चच्या वळणापर्यंत गेले नि परत आले. एकटीला सगळे बघतात असं वाटतं. दोघी असलो की तेच लोक दिसत नाहीत.

ज्ञानदा : बरं नव्हतं.

क्लारा : ताप?

ज्ञानदा : नाही. असंच.

क्लारा : असंच काय? तोंड बघ केवढंसं झालंय. बस त्या स्टुलावर. हा उद्याच्या पिकनिकचा, चांदीपला न्यायचा. हा उतरला की दुसरा लावायचा. एवढासा गोल ओव्हन, एका वेळी एकच मावतो, आणि आमच्या नणंदबाईंना वाटतं माझी बेकरी आहे. वीस माणसांना दोन केक सांगून गेली फ्लॉसी.

ज्ञानदा : आंटी, मला जरा—

क्लारा : ती मोठी बरणी काढ ना खालून. आठवडा झाला हलवली नाही. ऑगस्टपासून भिजतायत रममध्ये मनुका नि चेरी. जानेवारीपर्यंत अशी काळी कुळकुळीत होतील ना! तीन मजली करायचा म्हणतेय मी. मंडपवाला म्हणत होता, केक मुंबईहून मागवू. मी म्हटलं, गिरीजच्या अर्ध्या पोरांच्या बारशाचे केक मी केले, आणि माझ्या एकुलत्या एका मुलाच्या लग्नाचा दुसरा कोण करणार? ...थांब. काय म्हणालीस तू?

ज्ञानदा : कुठे काय?

क्लारा : आंटी म्हणालीस. साखरपुड्यापासून मम्मी म्हणतेस.

ज्ञानदा : फ्लॉईडचा फोन आला होता. मंगळवारी. शाळेत.

क्लारा : शाळेत? मस्कतहून फोन रविवारी करतो ना तो? आणि शाळेत कशाला?

ज्ञानदा : घरी बाबा उचलतील म्हणून.

क्लारा : बरा आहे ना तो? पडला बिडला तर नाही? एक्स-रेच्या मशीनपाशी दिवसभर उभं राहायचं, मी सांगते त्याला—

ज्ञानदा : बरा आहे. लग्न नको म्हणाला.

क्लारा : जानेवारीत नको? रजा मिळत नाही का? नाताळाच्या सुमाराला सगळेच रजा मागतात. मग मेमध्ये करू, त्यात काय एवढं? हॉलवाल्याला मी सांगते.

ज्ञानदा : जानेवारीत नको, मेमध्येही नको. माझ्याशी नको.

क्लारा : नीट ऐकलंस का तू?

ज्ञानदा : मी चार वेळा विचारलं. चारही वेळा तेच म्हणाला.

क्लारा : भांडलात तुम्ही.

ज्ञानदा : नाही.

क्लारा : भांडलात. तू काहीतरी बोलली असशील. तुला टोचून बोलायची सवय आहे, ज्ञानदा, मला माहीत आहे. शाळा सोडून तिकडे येणार नाही म्हणाली असशील. कुठल्याही मुलाला वाईट वाटेल.

ज्ञानदा : शाळेत मी राजीनामा दिलाय. दिवाळीची सुट्टी संपली त्याच दिवशी. उद्या चांदीपला सगळ्यांसमोर तुम्हाला सांगणार होते.

क्लारा : राजीनामा दिलास?

ज्ञानदा : सोमवारी जाऊन परत मागणार आहे. हेडबाई चांगल्या आहेत. देतील.

क्लारा : मग का? काय म्हणाला तो? नीट सांग, त्याच्या शब्दांत सांग.

ज्ञानदा : तिथल्या हॉस्पिटलमध्ये एक नर्स आहे. केरळची. वर्ष झालं म्हणाला.

क्लारा : वर्ष? अगं, साखरपुडा मे महिन्यात झाला! इथे या खोलीत गुडघ्यावर बसून तुला अंगठी घातली त्यानं. फ्लॉसीच्या पोरांनी फोटो काढले.

ज्ञानदा : मीही तेच म्हटलं. म्हणाला, तुम्ही सगळे इतके खूश होतात, बोलायचा धीर झाला नाही. वाटलं, इथे आलं की तिकडचं सुटेल. सुटलं नाही. रडत होता, आंटी. मला त्याला गप्प करावं लागलं.

क्लारा : आणि तू?

ज्ञानदा : माझा तास होता. पाचवीला भूगोल.

क्लारा : घेतलास?

ज्ञानदा : घेतला. नकाशात नद्या भरायच्या होत्या. घंटा झाल्यावर पोरींनी सांगितलं, बाई, तुम्ही गोदावरी अरबी समुद्रात सोडलीत.

क्लारा : देवा.

ज्ञानदा : फोन ठेवताना म्हणाला, मम्मीला तूच सांग. ती तुझं ऐकते.

क्लारा : असं म्हणाला? फ्लॉईड?

ज्ञानदा : हो.

क्लारा : सहा फूट उंच पोरगा, आणि आईला सांगायला तुला पाठवतो? जिला सोडली तिलाच? त्याचा बाप मार्सेल जाऊन सहा वर्षं झाली. चिडका होता, पण वाईट बातमी असली की स्वतः येऊन समोर उभा राहायचा. कंपनी बंद पडली तेव्हा टोपी काढून इथे, या दारात उभा राहिला होता. हा कुणावर गेला?

ज्ञानदा : तूच कर त्यांना फोन, असं मी त्याला म्हणू शकले असते. पण म्हणाले नाही. मला वाटलं, कुणीतरी तुमच्या घरात येऊन सांगायला हवं.

क्लारा : आणि आल्या आल्या मी तुलाच बोलले.

ज्ञानदा : ठीक आहे.

क्लारा : ठीक नाही. तोंडात आलं ते बोलले मी. आई ना, आधी दुसऱ्याचं पोर दिसतं चुकलेलं. बाय, खरं सांगू? मला तू नको होतीस. पहिल्यांदा आलीस ते बाबांच्या रिटायरमेंटचा केक सांगायला. बिनअंड्याचा. मी मनात म्हटलं, मग शिराच कर ना घरी.

ज्ञानदा : मनात नाही, तोंडावर म्हणालात.

क्लारा : म्हणाले का? असेन. मग वाटलं, केक न्यायला लोक एकदा येतात, ही तीनदा का येते? फ्लॉईडसाठी येते हे कळलं तेव्हा दोन रात्री झोपले नाही. आणि मग डॉक्टरनं शुगर सांगितली, चाला म्हणाला, तर फाटकाशी तूच उभी. मी रागानं चालत होते तुझ्या बाजूनं. आठवडाभर एक शब्द बोलले नाही.

ज्ञानदा : आठव्या दिवशी भुईगावच्या रस्त्यावर कुत्रा मागे लागला.

क्लारा : मी कधी आयुष्यात धावले नव्हते गं.

ज्ञानदा : माझ्यापुढे होतात तुम्ही. हातात चपला.

क्लारा : आणि तू मागून ओरडतेस, आंटी, तो गेला, थांबा! मी कुठली थांबतेय? समुद्रच आला समोर. वाळूत बसून दोघी हसलो. त्या दिवशी मला वाटलं, असू दे, हीच असू दे. मग फादरांकडे चार खेपा. बिशपहाऊसचा परवानगीचा कागद. फ्लॉसी तीन महिने बोलली नाही माझ्याशी. गावात म्हणायचे, लेकाचं लगीन ठरलं आणि आई बूट घालून धावत सुटली. आता त्यांना काय सांगू? कुठल्या तोंडानं चर्चमध्ये मिस्सेला... बघ. परत मी माझंच बोलतेय. तुझे बाबा काय म्हणाले?

ज्ञानदा : त्यांना अजून सांगितलं नाही.

क्लारा : चार दिवस झाले!

ज्ञानदा : आधी तुम्हाला सांगायचं होतं. बाबांना कळल्यावर त्यांनी मला इकडे येऊ दिलं नसतं. ही अंगठी. कुठे ठेवू?

क्लारा : ठेव तिथे, साखरेच्या डब्यापाशी. माझे हात मैद्याचे आहेत.

ज्ञानदा : आणि मी आता धावायला स्टेशनकडच्या मैदानावर जाईन. तुमच्या फाटकावरून नको. तुम्हालाही अवघड.

क्लारा : मला अवघड आहे की नाही, ते तू नको ठरवू. मी साडेपाचला फाटकाशी असेन. तू आलीस तर समुद्रापर्यंत जाईन. नाही आलीस तर चर्चच्या वळणापर्यंत. शुगर काय लग्नाची वाट बघत नाही.

फ्लॉसी : वैनी! ए वैनी! दार सताड उघडं टाकून बसलीस? आणि वास काय मस्त येतोय रस्त्यापर्यंत! अरे, सूनबाई पण इथेच? बरं झालं, माझी एक खेप वाचली. हे बघ, गाडी सहाला निघणार म्हणजे सहाला. चौदा मोठे, सहा पोरं. ॲनीच्या धाकट्याला मांडीवर घ्यायचं. ज्ञानदा, तुला मी खिडकीची सीट लिहिलीय, तुला कामणच्या वळणांवर मळमळतं ना. आणि शेतावर चुलीवर मटण आहे, तुझ्यासाठी वालाची भाजी वेगळी सांगितलीय. बोला, अजून काय? ...काय झालं? मेलं का कुणी?

क्लारा : नाही. लग्न मोडलं.

फ्लॉसी : कुणाचं?

क्लारा : फ्लॉईडनं मोडलं. तिकडे दुसरी आहे त्याला. वर्षभर आहे. आपल्या सगळ्यांना फसवलं त्यानं. उद्या गाडीत कुणी विचारलं तर असंच सांगायचं, याच शब्दांत. दोघांचं पटलं नाही, असं कुणी म्हटलेलं मला चालणार नाही.

ज्ञानदा : आंटी, राहू दे. तो तुमचा—

क्लारा : माझा आहे म्हणूनच.

फ्लॉसी : वैनी, मी तुला तेव्हाच म्हटलं होतं—

क्लारा : काय म्हटलं होतंस? हिच्याबद्दल म्हटलं होतंस. त्याच्याबद्दल नाही.

फ्लॉसी : ...हो. त्याच्याबद्दल नाही.

क्लारा : माझा भाचा सोन्यासारखा, असं म्हणाली होतीस.

फ्लॉसी : म्हणाले होते. बस झालं आता, कळलं. पोरी, तू काही खाल्लंस का सकाळपासून? ही बाई नुसती बोलत बसली असेल, चहासुद्धा दिला नसेल.

ज्ञानदा : नको, आत्या.

फ्लॉसी : नको काय? ओठ बघ सुकलेत. हे घे, पाणी तरी पी. ...बरं. ती सीट. खोडू की ठेवू? मी खोडत नाही आपणहून. तू सांगशील तसं.

क्लारा : तिला भरीला पाडू नकोस.

फ्लॉसी : पाडत नाहीये. विचारतेय.

ज्ञानदा : खोडा, आत्या. उद्या सगळे माझ्याशी फार चांगलं वागतील. तेच सहन होणार नाही.

फ्लॉसी : ते खरं. आमच्या घरचे चांगलं वागायला लागले की जीव नकोसा करतात.

क्लारा : हसलीस? हस. आता रडलीस तरी चालेल, फ्लॉसी घरचीच आहे.

ज्ञानदा : रडू येतच नाहीये. मंगळवारपासून वाट बघतेय.

क्लारा : येईल. भलत्याच वेळी येईल, भाजी निवडताना. तेव्हा अडवू नकोस. ...कुठे निघालीस?

ज्ञानदा : घरी. बाबांना सांगायला हवं. आज नाही सांगितलं तर परत धीर व्हायचा नाही.

क्लारा : थांब. मी येते.

ज्ञानदा : तुम्ही? नको. आंटी, खरंच नको. बाबा खूप बोलतील. चार महिने अबोला धरला होता त्यांनी माझ्याशी या लग्नावरून. मग कुठे तयार झाले. सगळ्या नातेवाइकांना एकेकाला पत्र लिहिलं त्यांनी, क्लाराबाई फार चांगल्या आहेत म्हणून.

क्लारा : असं लिहिलं?

ज्ञानदा : स्वतःच्या हातानं. मी टपालात टाकली.

क्लारा : मग तर आलंच पाहिजे मला.

ज्ञानदा : ते तुम्हाला दारातून आतसुद्धा घेणार नाहीत.

क्लारा : तर दारात उभी राहीन. आत्मारामभाऊंना राग येईल, तो कुणावर तरी काढतीलच ना? ज्याच्यावर काढायचा तो मस्कतला बसलाय. मग काय, तुझ्यावर काढतील. हे सगळं तू एकटीनं ऐकायचं? एका फोनचं ओझं चार दिवस वाहिलंस, तेवढं पुरे. त्याचा निरोप तू मला आणलास. पुढचा मी देते.

फ्लॉसी : आणि केक?

क्लारा : तू बघ. वीस मिनिटांनी विणायची सुई टोच. कोरडी आली की बटण बंद कर. दुसऱ्याचं पीठ त्या पातेल्यात आहे. भांड्याला आधी तूप लाव, विसरू नकोस.

फ्लॉसी : मला कधी जमलाय केक?

क्लारा : मग आज जमव. माझी निळी साडी दे त्या दोरीवरची. या गाऊनवर कशी जाऊ?

ज्ञानदा : काय बोलणार तुम्ही बाबांशी?

क्लारा : माहीत नाही. माझ्या मुलानं तुमच्या मुलीला फसवलं, एवढं म्हणेन. त्यापुढे ते बोलतील, मी ऐकेन.

ज्ञानदा : मी रिक्षा बघते नाक्यावर.

क्लारा : किती वाजले?

ज्ञानदा : सात वाजून दहा.

क्लारा : तुझे बाबा चहा कधी घेतात?

ज्ञानदा : साडेसातला. पेपर आला की.

क्लारा : मग रिक्षा नको, चालत जाऊ. आजचा चहा तरी त्यांना सुखानं पिऊ दे.